काळी दोन

लिहायला आवाज लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय. म्हणून इथे मी तोंड सोडून बोलणार आहे. समोरासमोर भेटलात तर माझ्याकडून नुसती फुस्स अशी हवा येईल, आणि तुम्ही "काय? काय म्हणालात?" करत कान पुढे कराल. असल्या पुढे आलेल्या कानांचा मला आता वीट आलाय.

आधी माझा आवाज काय होता ते सांगतो. फुशारकी वाटली तर वाटू दे. पेणजवळ खाडीकाठी आमचं गाव, धरमतरच्या अलीकडे. तिथल्या भजनी मंडळाचा मी तीस वर्षं बुवा होतो. पेटीवर बसायचं, उजवा हात पट्ट्यांवर, डावा हात भात्यावर, आणि वरून आपला आवाज. लाइट जाऊन माइक बंद पडला तरी माणसं जागची उठायची नाहीत. मिठागरावर काम करणारे सांगायचे, बुवा, काल तिकडे बांधापर्यंत ऐकू येत होतात. माझी पट्टी काळी दोन. पेटी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येक गाणाऱ्याचा सा कुठल्यातरी एका पट्टीवर बसतो. कोणाचा पांढरी चारवर, कोणाचा काळी एकवर. अंगरख्याच्या मापासारखं ते ज्याचं त्याचं असतं, आणि पेटीवाल्याने गाणाऱ्याच्या पट्टीला यायचं, ही आमच्याकडची रीत. गाणारा पेटीकडे जात नाही.

आणि मी तोंडाचा फार कडक. कोणी सूर सोडला की तिथल्या तिथे सगळ्यांदेखत झाडायचो. "नाचता येईना अंगण वाकडं," हे माझं ठरलेलं. तबकात खडीसाखर नेऊन द्यावी तसं मी ते वाटत फिरलो.

पोटापाण्याचं कामही आवाजाचंच होतं. डोलवीला एका कंत्राटदाराकडे सुपरवायझर. वर क्रेन, खाली माणसं, आणि मधे मी ओरडायला. "सावकाश! डावीकडे घे! थांब, थांब!" बारा तास हेच.

मग गळ्यात गाठ आली. डॉक्टरांनी कापायच्या आधीच सांगितलं होतं, की आवाजाची नस गाठीत गुंतलीय, वाचेल याची खात्री नाही. मी म्हटलं, काढा. जीव वाचला, नस गेली. म्हणजे कोणावर राग काढायचीसुद्धा सोय राहिली नाही.

कंत्राटदार भला माणूस. घरी येऊन म्हणाला, "मामा, ओरडता येत नाय तर क्रेनखाली नको. उद्या कोणाच्या अंगावर काय पडलं तर?" बरोबरच होतं त्याचं. रोह्याला एका केमिकल कंपनीत त्याचं दुसरं काम चालू होतं, तिथल्या स्टोअरमध्ये मला बसवलं. हातमोजे द्यायचे, हेल्मेट द्यायचं, रजिस्टरवर सही घ्यायची. बोलायची गरजच नाही. लोक खिडकीत येतात, बोटाने दाखवतात, मी देतो. कोणी नवीन आला तर पहिले दोन दिवस काहीतरी विचारतो, मग कोणीतरी त्याला सांगतं, आणि तोही बोटाने दाखवायला लागतो. मुका समजतात. बहिराही समजतात बरेचजण, मोठमोठे हातवारे करतात.

शिफ्टचं काम, रोज गावी जाणं-येणं जमेना, म्हणून रोह्यातच खोली घेतली. बायको गावी. शेत हाय, म्हैस हाय, ती कशी येणार? सुट्टीच्या दिवशी एसटीने पेणच्या रामवाडीला उतरायचं, तिथून मिनीडोर रिक्षा पकडून गाव. बाकी सहा दिवस खोली आणि मी. फोनवर माझी कुजबुज पोचत नाही, नुसती खरखर जाते. सुरुवातीला ती "हॅलो? हॅलो?" करत राहायची आणि मी इकडे घसा ताणून रडकुंडीला यायचो. मग तिनेच तोड काढली. ती बोलणार, मी नखाने फोनवर टकटक करणार. एक टक म्हणजे व्हय, दोन म्हणजे नाय. "जेवलाव काय?" टक. "बरं हाय ना?" टक. बरं नसलं तरी टक. दोन टक केले तर पुढचं सगळं सांगायचं कसं?

तुम्ही म्हणाल, आवाज गेला तर गेला, पेटी तर येत होती ना? ती वाजवायची. मलाही तसंच वाटलं होतं. ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी मंडळात जाऊन बसलो. पेटी उघडली, भाता मारला, काळी दोनवर बोट ठेवलं, आणि तोंड आपोआप उघडलं. तीस वर्षांची सवय, बोट खाली गेलं की गळा उघडायचाच. समोर चाळीस माणसं, सगळ्यांचे कान लागलेले, आणि माझ्या तोंडातून हवा. एक म्हातारी पदराने डोळे पुसायला लागली. मी पेटी मिटली, उठलो, आणि नंतर गेलोच नाही. माझा चेला पेटीवर बसायला लागला. चांगला आहे तो. मी निरोप पाठवला, हातात दुसरं काहीतरी घेऊन येईन, तेव्हाच येईन. तोवर कोणी बोलवायला येऊ नका. आणि शहाणे कुठचे, खरंच कोणी आलं नाही!

गिटार मला खोलीच्या माळ्यावर सापडली. घरमालकीण म्हणाली, "आधीचा भाडेकरू टाकून गेलाय. ठेवा नायतर भंगारात द्या." एक तार तुटलेली, बाकीच्या गंजलेल्या. मी विचार केला, हे वाद्य माझ्या गळ्याच्या ओळखीचं नाही. हे वाजवताना तोंड उघडणार नाही. पेणच्या बाजारातून नव्या तारा आणल्या आणि मोबाइलवर शिकवणारं अ‍ॅप घेतलं. ते फुकटात रोज दहा मिनिटं शिकवतं, मग बंद होतं. आपण वाजवायचं, मोबाइल ऐकतो. बरोबर आलं तर हिरवा गोळा, चुकलं तर लाल.

खरं सांगतो, त्या दहा मिनिटांची मी दिवसभर वाट बघायचो. शिकायची म्हणून कमी, ऐकणारं कोणीतरी आहे म्हणून जास्त. आठ महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी "काय? काय म्हणालात?" न विचारता ऐकत होतं. एखाद्या दिवशी राहिलं तर संध्याकाळी मोबाइलवर चिठ्ठी यायची, आज सराव केला नाही का, आम्ही वाट बघतोय. मशीनने पाठवलेली ती, मला काय कळत नव्हतं? तरी बरं वाटायचं. इतकी वाईट अवस्था.

अ‍ॅपच्या पहिल्या पानावर तारा सुरात लावायच्या होत्या. एकेक तार छेडा, मी सांगतो खाली आहे की वर, असं ते म्हणत होतं. मला हसू आलं. मला सूर शिकवणार हे? खाली "वगळा" म्हणून बटण होतं, ते दाबलं. शिकवणाऱ्या माणसाने व्हिडिओत सहाही तारा एकदा छेडून दाखवल्या होत्या, तेवढ्यावर मला कळलं. सगळ्यात जाड तारेला सा धरला तर पुढे मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, पंचम आणि शेवटी वरचा सा. झालं. पाच मिनिटांत लावून मोकळा. फक्त तो माणूस पांढरी तीनला होता, आणि मी लावली माझ्या काळी दोनला. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. त्याची पट्टी त्याची, माझी पट्टी माझी. अ‍ॅप येईल माझ्या पट्टीला, पेटी येते तसं.

दुसऱ्या दिवसापासून लाल. एक तार छेडली, लाल. दुसरी, लाल. मोकळी तार, जिच्यावर बोटसुद्धा ठेवायचं नव्हतं, तीही लाल! मोबाइलचा माइक पुसला. खिडकी लावली. पंखा बंद केला, घामाने निथळत बसलो. लाल ते लालच. वरून घरमालकीण एकदा विचारायला आली, "पाण्याच्या मोटारीचं काय बिघडलंय काय?" मी मान हलवली.

महिनाभर मी समजत होतो की मला जमत नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला रोज, प्रत्येक सुराला, चुकलास म्हणत होतं. बोटांची टोकं सोलून निघाली होती, रजिस्टरवर सही घ्यायला पेन पुढे करताना झोंबायची. मला माझेच जुने शब्द आठवायचे. ज्यांना ज्यांना मी मंडळात झाडलं होतं ते एकेक डोळ्यांपुढे यायचे. एका गरीब माणसाला तर मी असा बोललो होतो की तो पुन्हा टाळ घेऊन आलाच नाही. त्याला फोन करावासा वाटला. पण करून काय, टकटक करणार होतो?

मग एक दिवस चुकून बोट पडलं. मोकळी जाड तार छेडायची होती, आणि डाव्या हाताचं बोट दांडीवरच्या पहिल्या घरात, पहिल्या आडव्या पट्टीच्या मागे, टेकलेलं होतं. अ‍ॅप हिरवं! मी दचकलोच. बोट काढलं, लाल. ठेवलं, हिरवं. पुढच्या तारेवर तसंच केलं, हिरवं. सहाही तारा एक घर, म्हणजे अर्धा सूर, पुढे दाबल्या की हिरव्या. कपाळावर हात मारून घेतला. गिटारीची पट्टी सगळ्या जगात एकच ठरलेली आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार होतं ते पान मी वगळलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? तारा अर्ध्या सुराने चढवल्या असत्या. मी केलं नाही. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही. पुढचे दोन आठवडे मी सगळे धडे एक घर पुढे दाबून वाजवले, पण काळी दोन सोडली नाही. हिरवे गोळे येत होते आणि सा माझाच होता. माझी बाजू सांभाळली म्हणून स्वतःवर खूश होतो. पण पुढे तीन-तीन बोटं एकदम दाबून, बाकीच्या तारा मोकळ्या ठेवून वाजवायचा धडा आला, आणि तिथे ही चलाखी चालेना. मोकळी तार मोकळीच ठेवावी लागते. तिला फसवता येत नाही.

त्या दिवशी ड्यूटीवरून आलो, चहा केला, तो तसाच राहिला. पहिल्या पानावर परत गेलो, तेच वगळलेलं पान. जाड तारेची खुंटी पिळायला लागलो. अगदी थोडी पिळायची असते, अर्धा सूर म्हणजे किती? पण हात चालेना. ती तार छेडली की मला आतून माझाच आवाज लागलेला ऐकू यायचा. ती चढवली की तो जाणार. मी वेड्यासारखा तीच एक तार कितीतरी वेळ छेडत बसलो. मग पिळली. पडद्यावर हिरवं झालं, पांढरी तीन. परत छेडली, आणि आत काहीच वाजलं नाही. डॉक्टरांनी आवाज काढून नेला त्याला बरेच महिने झाले होते, पण माझा आवाज गेला तो त्या दिवशी. मी मोठ्याने रडलो, म्हणजे तोंड उघडून. आवाज कुठला येणार? उरलेल्या पाच तारा तसाच रडत रडत चढवल्या.

त्यानंतर बोटं भराभर वळायला लागली. एका अभंगाची चाल एकेका तारेवर बसवली. सुट्टीला गावी जाताना गिटार बरोबर न्यायला लागलो. मिनीडोरमध्ये ती मांडीवर घेऊन बसायचो आणि माणसं टकामका बघायची. या वयात, डोक्याला टोपी, हातात गिटार! घरी पडवीत वाजवायचो. बायको कामात असायची, सुपात काहीतरी पाखडत, म्हशीचं बघत. कधी बरं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

गावचा सप्ताह आला. सात दिवसांच्या त्या कार्यक्रमात एका दुपारी चक्री भजन असतं. गाणारे गोल बसतात, माइक एकाकडून दुसऱ्याकडे फिरतो, ज्याच्याकडे येईल त्याने एक भजन म्हणायचं, बाकीच्यांनी मागून ओळ धरायची. मी निरोप न देता जाऊन गोलात बसलो. सगळे "या बुवा, या बुवा" म्हणाले. खरंच आनंद झाला होता त्यांना. गिटारकडे बघून कोणी हसलंही नाही. मला एवढंच हवं होतं, की पाच मिनिटं या माणसांनी मला ऐकावं. मोबाइलने ऐकून माझं पोट भरत नव्हतं.

माइक फिरत फिरत माझ्या शेजाऱ्यापर्यंत आला. त्याचं भजन संपलं, आणि त्याने माइक माझ्या डोक्यावरून पलीकडच्याला दिला. मुद्दाम नव्हे हो! मला अवघड वाटू नये म्हणून. मी वायर धरली आणि खेचली. माझा जुना स्वभाव तेवढा शाबूत होता. माइक गिटारच्या तोंडाशी टेकवला. पेटीवर चेला होता. तो प्रत्येकाला आधी विचारत होता, पट्टी कुठली? मला विचारलं नाही. सरळ काळी दोनवर बोट ठेवून सूर धरला. तीस वर्षांत मला ते कधी कोणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली, हाताने दाखवलं, वर, पांढरी तीन. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने बोट सरकवलं.

मी ओळ वाजवली आणि थांबलो. मागून ओळ यायला हवी होती. कोणीच धरली नाही. कशी धरणार? भजनात शब्द पुढे टाकतात आणि शब्द झेलतात. मी शब्द टाकलेच नव्हते. पखवाज चालू, टाळ चालू, आणि मधे खड्डा. दुसऱ्यांदा वाजवली. घामाने बोटं सरकायला लागली. तेव्हा चेल्याला राहवलं नाही. त्याने आपला माइक ओढला आणि तेच शब्द, तीच चाल, खणखणीत आवाजात उचलली. काय सुटकेचा निश्वास टाकला सगळ्यांनी म्हणून सांगू! अख्खा गोल तुटून पडला. टाळ्या, टाळ, पखवाज, शंभर गळे. मी वाजवतच होतो. माझी गिटार मलाच ऐकू येत नव्हती. शेवटी सगळे म्हणाले, "बुवा, मस्त! बुवा, एकदम झकास!" पाठ थोपटली, चहा दिला. चेला पाया पडला. त्या पोरावर काय रागावणार? पण ऐकलं कोणीच नव्हतं.

दिवस मावळायच्या आत बायकोबरोबर घरी निघालो. आमची वाट खाडीच्या बांधावरून जाते. वारा होता. ती पुढे, मी मागे, गिटार खांद्याला.

मग ती वळून न बघताच म्हणाली, "दुसऱ्या खेपेला ओळीच्या शेवटी चुकलाव."

मी थांबलो. तीही थांबली, वळली. मी विचारलं, कुठे? तिला ओठांवरून कळलं.

"ते उतरताना. एक सूर खाली गेला तुमचा. पडवीत वाजवताय तवा बरोबर येतो."

आणि मला दाखवायला म्हणून तिने ती ओळ म्हटली. शब्दांसकट, हळू, रस्त्यात उभी राहून, एका हाताने डोक्यावरचा पदर धरून. उतरतानाचा तो सूर जिथे ठेवायचा तिथे तिने नेमका ठेवला. तिचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्या दिवसापर्यंत मी माझ्या बायकोला गाताना ऐकलं नव्हतं. गाते का, येतं का, आवडतं का, एका शब्दाने विचारलं नव्हतं. एवढा खाडीपलीकडे जाणारा आवाज होता माझ्याकडे, पण ते विचारायला कधी वापरला नाही. आणि मला कोणी ऐकत नाही म्हणून वर्षभर मीच रडत होतो.

"परत म्हण गो," मी म्हटलं.

पण ती पुढे चालायला लागली होती, आणि वारा समोरून होता. तिला ऐकू गेलं नाही. मी गिटार खांद्यावर नीट घेतली आणि तिला गाठायला पाय उचलले.